फायनलच्या आधीचा तास

मंठ्याच्या बाहेर जो मोठा माळ आहे, तिथं सव्वीस जानेवारीला मोटारसायकलींची शर्यत भरायची. शहाण्णव साली तिचं तिसरं वर्ष होतं. माळावर डांबर नव्हतं की मुरूम नव्हता. नुसती माती, गोटे, मधून गेलेला एक कोरडा नाला आणि नाल्यापलीकडं छातीवर येणारा चढ. त्यावरून पाच फेरे मारायचे. गाड्याही काही खास शर्यतीच्या नव्हत्या. कुणाची राजदूत, कुणाची येझदी. मडगार्ड काढून टाकायचं, सायलेन्सर वर उचलून बांधायचा, मागच्या चाकाला जाड नक्षीचं टायर चढवायचं, की झाली तयार.

भुजंग दूधवाला होता. तीन वस्त्यांवरचं दूध गोळा करून, चार कॅन राजदूतला लटकावून तो रोज सकाळी कच्च्या वाटेनं मंठ्याला यायचा. बारा वर्षांत त्याच्या कॅनमधलं दूध कधी सांडलं नव्हतं. असला माणूस कॅन नसताना गाडी कशी पळवत असेल, ते बघायलाच अर्धं गाव त्या दिवशी माळावर आलं होतं.

त्याची बायको उषा बायकांच्या घोळक्यात बाभळीखाली उभी होती. ती गावातल्या अंगणवाडीची बाई. पोरांची वजनं करायची, सुकडी शिजवायची, गरोदर बायकांना गोळ्या द्यायच्या, हे तिचं आठ वर्षांचं काम. पोरांसमोर तिचा आवाज खणखणीत निघायचा, पण चार बाप्ये समोर आले की पदर सावरून बाजूला सरायची. घरात सासरे रखमाजी बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. तशीच रीत होती.

दुपारी एकच्या सुमाराला भुजंगची पहिली शर्यत सुटली. आठ गाड्या होत्या. त्यांतल्या पहिल्या तिघांनाच चार वाजता फायनलला उतरता येणार होतं. चौथ्या फेऱ्यापर्यंत तो पुढं होता. पाचव्या फेऱ्याला नाल्यातून वर येताना पुढचं चाक एका गोट्यावर चढलं, गाडी आडवी झाली आणि भुजंग हँडलवर आदळून पलीकडं फेकला गेला. धुरळा उडाला. बायकांतून एकदम "आई गं!" असा आवाज निघाला.

धुरळा खाली बसायच्या आत भुजंग उठला. गाडी उचलली, दोन किका मारल्या, तिसरीला ती सुरू झाली. तो दुसऱ्या नंबरानं शेवटच्या दोरीच्या पार गेला, तेव्हा पोरांनी टोप्या हवेत उडवल्या. जिंकणाऱ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. रखमाजी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलं का? माझं पोरगं हाय ते!"

उषा लिंबाखाली त्याच्याजवळ गेली, तेव्हा तो धोतराच्या घडीवर बसून हसत होता. कोपर सोललं होतं, गुडघ्यावरची पँट फाटली होती. बाकी कुठं रक्त नाही.

"लागलं का हो?"

"काही न्हाई झालं. थोडं खरचटलं."

तिनं कोपर धुतलं, हळद लावली. सगळं बरंच दिसत होतं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, पिठलं वाढलं. त्यानं एक घास तोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

उषाला खटकलं ते इथं. भुजंगला भाकरी नको असं कधी झालं नव्हतं. तापात कण्हत असतानासुद्धा तो दीड भाकरी खायचा.

"पाणी दे," तो म्हणाला. तिनं दिलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पाणी दे." आणि मग डावा खांदा दाबायला लागला.

"खांद्यावर पडलात का?"

"न्हाई गं. खांद्यावर कुठं पडलो मी? पण ठणकून राह्यला."

सलीम मिस्त्री तिथंच राजदूत आडवी घालून बसला होता. परतूरला त्याचं गॅरेज होतं, भुजंगची गाडी शर्यतीसाठी त्यानंच तयार केली होती. वाकलेलं हँडल सरळ करता करता तो म्हणाला, "भाभी, हे बघा. मुठीचं रबर निघून गेलं. ही नळी उघडीच ऱ्हायली. ही कुठं घुसली त्याला?"

उषानं नवऱ्याचा सदरा वर केला. डाव्या बरगडीच्या खाली रुपयाएवढा गोल, लाल वळ उमटला होता. कातडी फाटलेली नव्हती. तिनं बोट टेकवलं मात्र, भुजंगनं श्वास आत ओढला.

"मुका मार हाय," रखमाजी म्हणाले. "तातेरावला बोलवा."

तातेराव हाडं बसवणारा. त्या भागातल्या कितीतरी जणांचे निखळलेले खांदे त्यानं जागेवर बसवले होते, आणि त्याच्या हाताला गुण होता हे उषालाही मान्य होतं. तो तेलाची बाटली घेऊन आला, बाह्या सारल्या, भुजंगला उताणं झोपायला सांगितलं. "नस चढली आसंल. पोट चांगलं चोळून देतो, घंटाभरात पळायला लागंल."

उषा भुजंगच्या तोंडाकडं बघत होती. कपाळावर घाम होता. जानेवारीची हवा, लिंबाची सावली, आणि घाम. तिनं हात लावला तर कपाळ गार लागलं. अंगणवाडीत नर्सबाईनं तिला एक गोष्ट इतक्या वेळा करून दाखवली होती की आता तिचा हात आपोआपच जायचा. तिनं अंगठ्यानं भुजंगची खालची पापणी ओढली.

आत रंगच नव्हता.

सकाळी डोळ्यात चिलट गेलं म्हणून ह्याच माणसाची हीच पापणी तिनं ओढली होती. तेव्हा ती लालभडक होती. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांच्या पापण्या ती रोज बघायची, पण तो पांढरेपणा कित्येक महिन्यांत हळूहळू येतो. हा तासाभरात आला होता. बाहेर रक्ताचा थेंब सांडला नव्हता. मग ते गेलं कुठं?

तातेरावचा तेलाचा हात पोटावर टेकणार, तेवढ्यात तिनं त्याचं मनगट धरलं.

"पोटाला हात लावू नका."

तातेरावनं तिच्याकडं बघितलं, मग रखमाजींकडं. परक्या बाप्याचा हात सुनेनं धरला होता, तोही भर माळावर.

"उषा," रखमाजी हळू पण कडक आवाजात म्हणाले, "बाजूला व्हय."

"मामा, ह्यांना आतून रक्त चाललंय. दवाखान्यात न्यावं लागंल. आत्ताच."

"आतून चाललंय ते तुला कसं दिसलं? तू डागदर हायेस का?"

"न्हाई. म्हणून तर डॉक्टरकडं न्या म्हनते."

भुजंग कोपरावर उठून बसला. "ये, काय लावलंस हे? चार वाजता माझी फायनल हाय. मी आता दवाखान्यात गेलो तर लोक काय म्हणतील? पडला आन् भ्याला. तो परतूरचा मुनीर तर वर्षभर सांगत फिरंल." बोलता बोलता त्याला धाप लागली, पण ती त्याच्या ध्यानात आली नाही. "दवाखाना उद्या बी उघडा राहतो. शर्यत उद्या न्हाई."

खरं सांगायचं तर उषालाही क्षणभर वाटलं, आपण चुकत असलो तर? ह्या एका दिवसासाठी त्यानं चार महिने जिवाचं रान केलं होतं. दूध घालून आल्यावर रोज नाल्यात गाडी घालायचा. आणि आपण नुसत्या पापणीवरून त्याला उठवून न्यायचं? डॉक्टरनं मुका मार म्हणून गोळी देऊन परत पाठवलं, तर हा माणूस जन्मभर आपल्याला हे ऐकवेल. सासरे ऐकवतील. गाव हसेल.

मग तिनं त्याची नखं बघितली. तीही पांढरी पडत चालली होती. हसलं तर हसू दे, तिनं ठरवलं. हसायला तो जिवंत तरी असेल.

पण भुजंग गाडीत बसल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि तिच्या सांगण्यानं तो बसणार नव्हता. सासऱ्यांच्याही नाही, आता तेच त्याच्या बाजूला होते. त्याला अडवून धरणारी गोष्ट एकच होती, आणि ती माळाच्या दुसऱ्या टोकाला येझदीच्या टाकीवर बसून चहा पीत होती.

उषा उठली आणि तरातरा चालायला लागली. मधे सगळी बाप्यांची गर्दी. आयुष्यात ती अशा गर्दीतून एकटी गेली नव्हती. पदर कधी खांद्यावर घसरला तिला कळलं नाही. माणसं आपोआप बाजूला होत गेली.

मुनीर गेली दोन्ही वर्षं शर्यतीची ढाल जिंकलेला, उंचपुरा गडी. ती समोर येऊन उभी राहिली तसा तो गडबडून खाली उतरला.

"तुमीच मुनीरभाऊ ना? राजदूतवरनं पडले ना, मी त्यांच्या घरची. त्यांना पोटात मार बसलाय. आतून रक्त चाललंय. ते दवाखान्यात जात न्हाईत, कामून की तुमी त्यांना भित्रा म्हणाल."

मुनीरनं कप खाली ठेवला. "मी म्हणतो असं?"

"ते म्हणतात, तुमी म्हणाल."

तो आजूबाजूच्या पोरांना म्हणाला, "गाडी बघा माझी," आणि तिच्या पुढं लांब ढांगा टाकत निघाला.

लिंबाखाली पोचल्यावर तो भुजंगसमोर उकिडवा बसला. दोघं पहिल्यांदाच इतक्या जवळून एकमेकांना बघत होते.

"भुजंगराव, तुमी पडून उठले, दोन किकमधी गाडी चालू केली."

"तीन," भुजंग म्हणाला.

"तीन. मी पडलो असतो तर तितंच पडून ऱ्हायलो असतो. हे मी सगळ्या परतूरला सांगीन. अल्लाकसम. पण आता तुमचं तोंड बघा, चुन्यासारखं झालंय. अशा माणसाला हरवून मी ढाल घेऊ? मला नको असली ढाल. जल्दी दवाखान्यात जा. पुढच्या साली या, मंग बराबर हरवतो तुमाला."

भुजंग हसला. काहीतरी उत्तर द्यायला म्हणून तो उभा राहायला गेला, आणि त्याचे गुडघे खाली गेले. सलीमनं मागून धरलं नसतं तर तो तोंडावरच आपटला असता.

त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. रखमाजींचा चेहरा एकदम म्हातारा झाला. शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष बद्रीनाथ, त्याची जीप तिथंच उभी होती. तो किल्ली शोधत खिसे चाचपू लागला तर उषाच ओरडली, "किल्ली गाडीलाच हाय, बद्रीनाथभाऊ! चला!" भुजंगला मागं आडवा घातला. डोकं उषाच्या मांडीवर, पाय सलीमच्या. रखमाजी पुढं बसले. तातेरावनं पळत येऊन आपली घोंगडी आत टाकली. "झाका त्याला," तो म्हणाला. "गार पडून राह्यलाय."

मंठ्यातल्या डॉक्टरांचा दवाखाना सुट्टीमुळं बंद होता, पण ते वरच राहायचे. ते बनियनवरच खाली आले. नाडी बघितली, पोट बघितलं, उषाला दोन प्रश्न विचारले. तिनं पडल्याची वेळ सांगितली, पाणी किती वेळा मागितलं ते सांगितलं, खांद्याचं सांगितलं.

"खांद्याला मार नाही आणि खांदा दुखतोय?" डॉक्टर थबकले. "पोटात रक्त साचलं की तसं दुखतं. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली असणार. इथं माझ्याकडं ऑपरेशनची सोय नाही. जालन्याला न्या. थांबू नका कुठं." त्यांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं, बाटल्या जीपच्या वरच्या दांड्याला बांधल्या, आणि जालन्यातल्या सर्जनला फोन लावायला आत पळाले.

मंठा ते जालना तो रस्ता उषाला पुढं कधी नीट आठवला नाही. वाटूर फाट्याला ट्रकांची रांग लागली होती, तेव्हा सलीम खाली उतरून हातानं ट्रक मागं सारत असल्यासारखा ओरडत सुटला होता, एवढं आठवायचं. आणि भुजंगचा आवाज. तो मधेच विचारायचा, "सुटली का फायनल?" ती म्हणायची, "न्हाई अजून. बोलत राहा तुमी. नाल्यातनं वर कसं यायचं ते सांगा मला." तो सांगायचा. पहिला गिअर, शरीर पुढं, नजर चाकावर नाही, चढाच्या माथ्यावर. उषा पुन्हा पुन्हा तेच विचारायची, आणि तो पुन्हा पुन्हा सांगायचा, प्रत्येक वेळी थोड्या हळू आवाजात.

जालन्याला दारातच स्ट्रेचर उभं होतं. सर्जननी पोटात सुई घातली, तर सिरिंज काळपट रक्तानं भरून आली. त्यांनी ती रखमाजींना दाखवली आणि सहीसाठी कागद पुढं केला. म्हाताऱ्यानं पेन हातात घेतलं, कागदाकडं बघितलं, मग पेन सुनेकडं दिलं.

"तू कर," ते म्हणाले.

सलीमनं रक्त दिलं. बद्रीनाथनंही दिलं, सुईला घाबरत घाबरत, डोळे मिटून. ऑपरेशन दोन तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. डोक्यावरची टोपी काढत ते म्हणाले, "पाणथरी काढावी लागली. ती नसली तरी माणूस जगतो, काळजी नको. पोटात दोन लिटरच्या आसपास रक्त होतं. आणखी तासभर माळावर ठेवला असता तर मला काही करता आलं नसतं. आणि तुम्ही सांगताय तसं पोट चोळलं असतं, तर तेवढाही वेळ मिळाला नसता. कुणी ओळखलं हे?"

कुणी काही बोलायच्या आत रखमाजी उठले. बाकावर बसलेल्या सगळ्या अनोळखी माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माझ्या सुनंनं. अंगणवाडीची बाई हाय ती. मी तिला बाजूला व्हय म्हणलो. ती झाली न्हाई."

उषानं तेव्हाच कुठं भिंतीला पाठ टेकवली. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे एकदम वाहायला लागले, आणि ती रडता रडता हसत सुटली. एवढं हसू तिला लग्नातही आलं नव्हतं.

नवव्या दिवशी भुजंग घरी आला. वेशीपाशी गावानं बँड लावला होता. तो त्याच्यासाठी लावला होता की उषासाठी, हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही, पण पहिला हार तातेरावनं उषाच्या हातात दिला. मुनीर परतूरहून केळीचा अख्खा घड घेऊन आला. फायनल त्यानं जिंकली होती, आणि तीन किकांची गोष्ट खरोखरच परतूरभर सांगून झाली होती. ती आता पाच किकांची झाली होती.

सहा महिने भुजंगला कॅन उचलायची परवानगी नव्हती. दूध रखमाजी बैलगाडीतून न्यायचे, आणि रोज उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खायचे. सर्जननी त्याला बजावलं होतं, पाणथरी नसली की साधा तापही जिवावर उठू शकतो, अंग तापलं की लगेच दवाखान्यात यायचं. श्रावणात एकदा त्याचं अंग गरम झालं, तेव्हा उषा दार उघडून म्हणायच्या आतच तो चप्पल घालून उभा होता. "चल," तो म्हणाला, "तू म्हणायच्या आधीच निघू."

दिवाळीनंतर तपासणी झाली. सर्जननी पोट दाबून बघितलं, टाक्यांचा वण बघितला, आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. भुजंगनं लगेच शर्यतीचं विचारलं. सर्जननी चष्म्यावरून उषाकडं बघितलं. "ते ह्यांना विचारा."

बसनं परत आल्यावर उषा तडक बद्रीनाथकडं गेली. मंडळाची बैठक चालू होती. ती ओसरीवर न थांबता आत गेली आणि म्हणाली, माळावर एक डॉक्टर पाहिजे, एक रिकामी जीप पाहिजे, आणि जो पडेल त्याला डॉक्टरनं बघितल्याशिवाय पुढं गाडीवर बसू द्यायचं नाही. हे होणार असेल तर आमचं माणूस येईल. बद्रीनाथनं एकदाही मान वर न करता सगळं वहीत उतरवून घेतलं.

सत्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला माळावर मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट गर्दी होती. मंठ्याचे डॉक्टर खुर्ची टाकून लिंबाखाली बसले होते. फायनलला सहा गाड्या सुटल्या, पण तिसऱ्या फेऱ्यापासून सगळं माळरान दोघांकडंच बघत होतं. येझदी पुढं, राजदूत मागं. चौथा फेरा तसाच. पाचव्या फेऱ्याला दोन्ही गाड्या नाल्यात उतरल्या आणि दिसेनाशा झाल्या. नुसता धुरळा आणि दोन इंजिनांचा आवाज.

उषा बाभळीखाली नव्हती. ती गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीला लागून, बाप्यांच्याही पुढं उभी होती. पहिला गिअर, तिनं मनातल्या मनात म्हटलं, शरीर पुढं, नजर माथ्यावर.

धुरळ्यातून आधी राजदूतचं चाक वर आलं.

मुनीर जेमतेम हातभर मागं होता आणि सोडायला तयार नव्हता. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी पळत होत्या. सलीम नाचत होता, रखमाजी काठी हवेत फिरवत होते. आणि अकरा वर्षांच्या संसारात ज्या बाईनं उखाण्यापलीकडं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, ती दोरी दोन्ही मुठींत आवळून, पोरांना हाका मारायच्या त्या खणखणीत आवाजात ओरडत होती, "भुजंग! भुजंग! हाण, भुजंग!"

शेजारच्या बायकांनी चमकून तिच्याकडं बघितलं. तिला त्याचं भान नव्हतं. राजदूत येझदीच्या अर्धं चाक आधी शेवटच्या दोरीच्या पार गेली होती.